निरांजनातली फुलवात आणि बरणीतलं सोया मेण

डिसेंबरात इंदूरला सकाळी देवापुढे निरांजन लावताना एक गोष्ट पाहून ठेवा. तूप थिजून पांढरं झालेलं असतं. फुलवात पेटते, आधी तिच्या बुडाशी थोडंसं तूप वितळतं, मग ते इवलंसं तळं रुंदावत कडेपर्यंत जातं. वात बारीक असेल तर कडेचं तूप पांढरंच राहतं आणि निरांजन शांत झाल्यावर मधोमध खळगा दिसतो. वात जाड असेल तर ज्योत उंच होते, काजळी धरते, पितळ चटका देतं आणि तूप आरतीच्या आधीच संपतं.

बरणीतली मेणबत्ती म्हणजे हेच निरांजन. तुपाच्या जागी सोया मेण, पितळेच्या जागी काच आणि फुलवातीच्या जागी विणलेली सुती वात. घरी पहिल्यांदा मेणबत्ती करणारी माणसं सुगंध कोणता घ्यावा, बरणी कोणती शोभेल यावर आठवडा घालवतात आणि वात मात्र दुकानदार देईल ती आणतात. मीही तेच केलं होतं. पहिल्या आठ बरण्यांपैकी सहांमध्ये मधे विहीर पडली आणि कडेला बोटभर जाडीचं मेण तसंच राहिलं. सुगंध चांगला होता, मेण चांगलं होतं, बरण्याही सुरेख होत्या. चूक सगळी वातीची होती.

हा तर डालडाच की

मेणाची पहिली पिशवी उघडली तेव्हा शेजारच्या काकू आल्या होत्या. पांढरे, किंचित चिकटसर पापुद्रे त्यांनी चिमटीत धरून चोळले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर डालडाच की!"

काकूंनी बरोबर ओळखलं होतं. सोया मेण आणि वनस्पती तूप ही एकाच घरातली भावंडं आहेत. सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल असतं. हे तेल आपल्या थंडीतही पातळ राहतं, कारण त्यातल्या स्निग्धाम्लांच्या लांब साखळ्या बहुतेक वाकड्या असतात. काडेपेटीत सरळ काड्या दाटीने बसतात. त्याच काड्या मधे वाकवल्या तर निम्म्याही मावणार नाहीत. रेणूंचंही तसंच आहे. तापवलेल्या तेलात निकेलच्या साहाय्याने दाबाखाली हायड्रोजन सोडला की वाकड्या साखळ्या सरळ होतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि तेल थिजतं. निकेल वापरून हायड्रोजन जोडण्याचं काम फ्रान्सच्या पॉल सबातिए यांचं; त्यासाठी त्यांना १९१२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेल थिजवण्यासाठी हीच युक्ती वापरून जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलं होतं. आपल्या स्वयंपाकघरात १९३७ साली डालडा आला तो याच वाटेने. मेणबत्तीसाठीचं सोया मेण त्या मानाने फार अलीकडचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी ते तयार केलं. मधमाशांच्या महागड्या मेणाला पर्याय त्यांना हवा होता.

मला या मेणाची आपुलकी वाटते ती मालव्यामुळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात देवास किंवा उज्जैनच्या रस्त्याने निघालं की दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली सोयाबीनची शेतं आणि मळणीची धूळ. १९७० नंतर या काळ्या मातीत हे पीक असं पसरलं की आता त्याच्यावाचून मालव्याचा खरीप डोळ्यांपुढे येत नाही. सोयाबीनवर संशोधन करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्थाही १९८७ पासून इंदूरलाच आहे.

मेण घेताना पिशवीवर ते बरणीसाठी आहे की नुसत्या उभ्या मेणबत्तीसाठी, एवढं नक्की वाचा. दुकानात 'कंटेनर' आणि 'पिलर' असे शब्द वापरतात. कंटेनरचं मेण मऊ असतं, साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि काचेला धरून राहतं. पिलरचं कडक असतं, गोठताना आकसून साच्यातून सुटतं. बरणीत ओतलं तर कडेने सुटून येईल. 'सोया' म्हणून विकलं जाणारं मेण पुष्कळदा मिश्रण असतं, त्यात खोबरेल, पाम किंवा पॅराफिनही असू शकतं. मिश्रण वाईटच असतं असं मुळीच नाही. पण कशाचं आहे ते विचारून घ्यावं, कारण त्यावर तापमान आणि वात दोन्ही बदलतात.

आणखी एक. सोया मेण धूर करत नाही, असं विकणारे छातीठोक सांगतात. ते खरं नाही. वात चुकली की सोयाही काजळी धरतं, आणि वात नीट असेल तर साधी पॅराफिनची मेणबत्तीही स्वच्छ जळते. सोया घेण्याची माझी कारणं वेगळी आहेत: ते कमी तापमानाला वितळतं, सावकाश जळतं, सांडलं तर गरम पाणी आणि साबणाने निघतं आणि शेतातून येतं.

जळतं कोण

वात जळते असं आपण म्हणतो. खरं तर जळते ती मेणाची वाफ. पेटलेली मेणबत्ती हळूच फुंका. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर येईल. जळती काडी त्या रेघेला, वातीपासून बोटभर वर लावा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. ती पांढरी रेघ म्हणजे वाफ झालेलं आणि हवेत पुन्हा गोठू लागलेलं मेण. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यांत हा प्रयोग होता. घरात मुलं असतील तर तो त्यांच्यासमोर नक्की करा. पण काडी मोठ्या माणसाच्या हातात असू द्या.

म्हणजे वातीचं काम पाणी चढवणाऱ्या पंपासारखं आहे. धाग्यांमधल्या बारीक फटींतून वितळलेलं मेण वर चढतं, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ जळते, त्या उष्णतेने आणखी मेण वितळतं. पंप लहान पडला तर ज्योतीला पुरेसं मेण मिळत नाही, ज्योत लहान राहते, कडेपर्यंत उष्णता पोचत नाही आणि विहीर पडते. पुढे पुढे ज्योत स्वतःच्याच तळ्यात बुडून विझते. पंप मोठा झाला तर मेण इतकं येतं की सगळी वाफ जळून जायला हवा अपुरी पडते. न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो किंवा वातीच्या टोकावर अळंबीसारखा गोळा होऊन बसतो.

बरणीची वात विणलेली असते, पिळलेली नसते, याला कारण आहे. चपट्या वेणीची वात जळताना टोकाशी वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला, जिथे हवा भरपूर असते तिथे जातं आणि जळून राख होतं. ही वेणी १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये आली. त्याआधी जळकी वात कात्रीने पुन्हा पुन्हा छाटत बसावं लागे.

वात निवडायची ती बरणीच्या आतल्या व्यासावरून. उंचीचा फारसा संबंध नाही. व्यास मोजपट्टीने मोजा, वात विकणाऱ्याच्या तक्त्यात त्या व्यासासमोरचा नंबर बघा, आणि तो नंबर, त्याच्या खालचा आणि वरचा असे तीन नंबर आणा. तक्ता म्हणजे अंदाज. तो तुमच्या मेणावर, तुमच्या सुगंधावर करून पाहिलेला नसतो. सुगंधी तेल बदललं तरी वात बदलावी लागू शकते, कारण काही तेलं घट्ट असतात आणि वातीच्या फटीतून जड चढतात. त्याच मेणात त्याच बरणीत माझा मोगरा एका नंबरवर छान जळतो, व्हॅनिलाला त्याच्या वरचा नंबर लागतो.

सुरुवातीला ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाची सरळ उभी बरणी घ्या. दहाच्या आसपासच्या बरणीला बहुधा दोन वाती लागतात आणि त्यांचं गणित नवख्याला झेपत नाही. काच जाड, तळ सपाट, तडा कुठेही नको. चहाचा पातळ ग्लास नको. कुल्हड सुंदर दिसतो, पण झिलई नसलेल्या मातीतून मेण पाझरतं आणि भांडंच वातीसारखं तेल ओढू लागतं. करवंटी, लाकडी वाटी, प्लास्टिक यांचं नावच काढू नका.

एक बरणी, पहिल्यापासून

आधी किती मेण लागेल ते काढू. बरणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि जिथवर मेण हवं तिथवर पाणी भरा. १७८ ग्रॅम पाणी मावलं असं धरू. सोया मेण पाण्यापेक्षा हलकं, साधारण ०.९ पट, म्हणजे १६० ग्रॅम माल हवा. सुगंधी तेल मेणाच्या ६ टक्के घ्यायचं, तर १५१ ग्रॅम मेण आणि ९ ग्रॅम तेल. तेल चमच्याने मोजू नका, वजनच करा. प्रत्येक तेलाचा हलका-जडपणा वेगळा. १० टक्के घालून वास दुपटीने येईल असं वाटतं, पण मेणाला न पेलवलेलं तेल वर थेंबांनी सुटतं आणि वातीत अडकतं. तेल मेणबत्तीसाठीचंच घ्या. अंगावर मारायच्या सेंटमध्ये अल्कोहोल असतं, ते भडकतं. रंग घालायचा तर तेलात विरघळणारा. खायचा रंग मेणात मिसळत नाही आणि मेणखडूची पूड वात तुंबवते. आता बरणी घासून, पूर्ण कोरडी करा. पाण्याचा एक थेंबही राहिला तर ज्योत तडतडते.

वातीच्या बुडाला पत्र्याची चकती असते. ती चिकटपट्टीने तळाच्या बरोबर मध्यावर बसवा. वरचं टोक कपड्यांच्या चिमट्यात धरून चिमटा बरणीच्या काठावर आडवा ठेवा. वात सरळ उभी राहिली पाहिजे. एका बाजूला कलली तर त्या बाजूची काच जास्त तापते.

मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. पातेल्यात पाणी, त्यात जाळी किंवा उलटी वाटी, त्यावर चोच असलेला स्टीलचा जग. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे मेण त्याच्यावर जाऊच शकत नाही. थेट गॅसवर ठेवलेल्या मेणाला असा लगाम नसतो. ते तापत जातं, धूर सोडतं आणि एका क्षणी पेट घेतं. असं झालंच तर गॅस बंद करा आणि झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका. जळत्या मेणात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती सोळाशे पटींहून जास्त फुगते आणि जळतं मेण घरभर उडवते. झाकण आधीपासून हाताशी ठेवा, शोधायला लागू नये.

मेण ७५ ते ८० अंशांवर गेलं की जग खाली उतरवा. ७० च्या आसपास सुगंधी तेल घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. जोरात फेटलं तर हवा शिरते. मग थांबा. ५५ ते ६० अंशांवर आलं की बारीक धारेने बरणीत ओता. पिशवीवर वेगळे आकडे लिहिले असतील तर ते माना, कारण ते त्याच मेणासाठी असतात. थर्मामीटर स्वयंपाकाचा, टोक खुपसायचा, चालतो. अंदाजाने काम करू नका; माझ्या सुरुवातीच्या बरण्यांच्या पृष्ठभागावर जे खड्डे पडले ते मेण फार गरम ओतल्याने.

ओतल्यावर बरणी हलवू नका, पंखा बंद ठेवा. थंडीत ओतण्याआधी बरणी कोमट करून घेतली तर काचेलगत मेण एकदम आकसत नाही आणि डाग कमी पडतात. दुसऱ्या दिवशी वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापा आणि झाकण लावा.

गोठलेल्या मेणावर पांढरट बर्फाची नक्षी आली तर घाबरू नका. लोणकढं तूप कधी गुळगुळीत थिजतं, कधी रवाळ, तसंच हे. स्निग्ध पदार्थ एकाहून अधिक प्रकारच्या स्फटिकांत गोठतात, आणि दिवस जातील तसे एका प्रकारातून दुसऱ्यात जातात. रवाळ तुपाचं आपण कौतुक करतो. मेणबत्तीवरचा रवा फक्त डोळ्यांना दिसतो, जळण्यात काही फरक पडत नाही. रंगीत मेणात तो जास्त उठून दिसतो, म्हणून मी रंग घालायचं सोडून दिलं.

आता सगळ्यात अवघड भाग: एक ते दोन आठवडे बरणीला हात लावायचा नाही. मेणाची स्फटिकांची घडी बसते, सुगंध त्यात मुरतो. लोणच्याला मुरायला वेळ देतो तसाच द्या. दुसऱ्याच दिवशी पेटवून "वासच येत नाही" म्हणत लोक तेल वाढवतात, आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं.

वही घालून बसा

तीन नंबरांच्या वातींच्या तीन बरण्या तयार झाल्या की त्या एकेक करून शेवटपर्यंत जाळायच्या. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा मेणाचं तळं कडेला पोचेपर्यंत विझवू नका. ७ सेंटिमीटरच्या बरणीला तीनेक तास लागतात. अडीच सेंटिमीटर व्यासाला एक तास हा साधा हिशोब. अर्ध्यावर विझवली तर पुढच्या वेळी ज्योत तेवढ्याच वर्तुळात खाली उतरते. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका, आणि दर वेळी पेटवण्याआधी वात कापा.

वहीत मी इतकंच लिहिते: तारीख, वातीचा नंबर, किती तास, तळं किती रुंद आणि किती खोल, ज्योत स्थिर की फडफडती, काजळी आहे का, काच हाताला सोसते का. एक सेंटिमीटरच्या आसपास खोल तळं उत्तम. दीडच्या पुढे गेलं तर वात मोठी. पहिल्या वेळी कडेला पातळसा थर राहिला तर लगेच वात बदलू नका. मेण खाली जाईल तशी ज्योत बरणीच्या आत जाते, काचेच्या भिंती उष्णता धरून ठेवतात आणि कडेचा थर आपोआप उतरतो. उलट, पहिल्याच वेळी तासाभरात कडेपर्यंत वितळलेली बरणी शेवटच्या तिसऱ्या भागात काजळी धरू लागते, तेव्हा काच सर्वांत जास्त तापते. म्हणून तळापर्यंत जाळून पाहिल्याशिवाय कुणालाही मेणबत्ती देऊ नका, भेट म्हणून नाही आणि विकत तर मुळीच नाही.

याच कारणाने मला वरती सुकी फुलं, गुलाबपाकळ्या, दालचिनीच्या काड्या खोवलेल्या बरण्या पाहवत नाहीत. फोटोत त्या गोड दिसतात. पण वितळलेल्या मेणात भिजलेली पाकळी म्हणजे दुसरी वातच, आणि ती कापून मापात ठेवलेली नसते. मैत्रिणीकडे अशाच एका बरणीत दोन ज्योती झाल्या, काच तडकली आणि टेबलावर मेण पसरलं. सगळे खोलीत होते म्हणून निभावलं.

इंदूरच्या मेमध्ये वेगळी अडचण येते. दुपारी बेचाळीस अंश, आणि मेण पंचेचाळीसच्या आसपास मऊ. बंद गाडीत ठेवलेली बरणी वितळते, माळ्यावर ठेवलेलीला तेलाचा घाम सुटतो. उन्हाळ्यात मी रात्री नऊनंतर ओतते. मालव्याच्या रात्री अजून तेवढ्या गार होतात. दिवाळीच्या भेटींसाठी सप्टेंबरात वाती तपासायला घ्या आणि नवरात्रात ओता, म्हणजे मुरायला पुरेसे दिवस मिळतात.

तळाशी सेंटिमीटरभर मेण राहिलं की मेणबत्ती संपली असं समजा, त्याखाली काच फार तापते. उरलेलं मेण काढायला बरणी कोमट करून घ्या आणि मग तिच्यात कढत पाणी ओता. मेण वर तरंगतं आणि थंड झाल्यावर सायीसारखं उचलता येतं. ते पाणी गाळून टाका, मेणासकट मोरीत ओतू नका, पाइपात जाऊन थिजतं. धुतलेल्या बरणीला सुगंध काही दिवस धरून राहतो, तेव्हा ती मसाल्यांसाठी वापरू नका. आमच्या घरात त्यांत बटणं, सेफ्टीपिना आणि कापूस ठेवलाय. त्यातल्याच कापसाच्या काकू रोज दुपारी फुलवाती वळतात, आणि त्यांच्या हातची एकही वात कधी बारीक किंवा जाड होत नाही.